रोज बंद होणारा संगणक, ६८ दिवसांचा अपटाइम: अंबडच्या एका कारखान्यातील पॅच व्यवस्थापनाचे प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तेथील संगणक आणि सर्व्हर यांची देखभाल मी गेली काही वर्षे कंत्राटावर करतो. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात या कारखान्याकडून माल घेणाऱ्या एका कंपनीचे पथक पुरवठादारांच्या तपासणीसाठी आले. गुणवत्ता, साठा, अग्निसुरक्षा यांच्या जोडीने अशा तपासण्यांत आता माहिती सुरक्षेचाही भाग असतो, आणि सॉफ्टवेअरचे पॅच, म्हणजे त्यातील त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट, वेळेवर बसवले जातात काय, हा प्रश्न त्यात हमखास येतो. आमच्याकडे उत्तर तयार होते. कारखान्यात आयटीचे काम पाहणारा तरुण दर महिन्याला प्रत्येक संगणकापाशी जाऊन अपडेट चालवत असे आणि रजिस्टरमध्ये संगणकाचा क्रमांक, तारीख आणि ‘पूर्ण’ असा शेरा लिहून सही करत असे. रजिस्टरात ७९ संगणक होते आणि डिसेंबरच्या पानावर सगळ्या ७९ नोंदींपुढे ‘पूर्ण’ लिहिलेले होते.

तपासणीसाने रजिस्टर बाजूला ठेवले, खरेदी विभागातल्या एका संगणकावर विंडोजची आवृत्ती दाखवणारी विनव्हर ही आज्ञा दिली आणि समोर आलेला क्रमांक मोठ्याने वाचला. विंडोज १० च्या अखेरच्या आवृत्तीचा मूळ बिल्ड क्रमांक १९०४५ असा आहे; त्यापुढे टिंबानंतर येणारा आकडा दर महिन्याच्या पॅचबरोबर वाढत जातो, आणि तो पाहिला की संगणक कोणत्या महिन्यात उभा आहे हे लगेच कळते. हा संगणक नोव्हेंबरमध्ये उभा होता. तपासणीच्या अहवालात एक ताशेरा आला आणि नव्वद दिवसांत दुरुस्ती दाखवा, अशी मुदत मिळाली.

मालकांनी मला बोलावून सरळ सांगितले, ‘हे हाताने होणारं काम नाही, आपोआप होईल असं काहीतरी बसवा.’ मागणी रास्त होती. पण रजिस्टर लिहिणारा मुलगा मला चांगला ठाऊक होता आणि तो खोटे लिहिणाऱ्यांतला नव्हता. मग ‘पूर्ण’ हा शेरा आला कुठून, हे समजल्याशिवाय स्वयंचलित व्यवस्था बसवली असती तर तोच शेरा आम्ही यंत्राकडून अधिक वेगाने लिहवून घेतला असता.

अपटाइमचे कोडे

फेब्रुवारीत मी पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञाभाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या संगणकांकडून तीन गोष्टी गोळा केल्या: बिल्ड क्रमांक, शेवटचा पूर्ण रीस्टार्ट केव्हा झाला, आणि रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) ‘रीबूट बाकी’ अशी नोंद आहे काय. ७९ पैकी ४३ संगणक अद्ययावत होते. १३ संगणकांपर्यंत अपडेट पोहोचलेच नव्हते. कुठे डिस्क भरली होती, कुठे अपडेटची सेवाच बंद करून ठेवलेली होती. उरलेल्या २३ संगणकांवर पॅच उतरवला गेला होता, बसवलाही गेला होता, आणि तरीही जुनेच विंडोज चालू होते, कारण बदललेल्या फाइली वापरात येण्यासाठी लागणारा रीस्टार्ट झालेला नव्हता.

या २३ संगणकांनी मला सर्वात जास्त विचारात पाडले. १९ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेपाचला मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो आणि तिथल्या संगणकाचा टास्क मॅनेजर उघडला. अपटाइमच्या, म्हणजे संगणक सलग किती वेळ चालू आहे त्याच्या, जागी ६८ दिवस आणि वर काही तास दिसत होते. स्टोअरकीपर माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते म्हणाले, ‘साहेब, हे काही खरं नाही. मी रोज शटडाउन करूनच घरी जातो. नुसतं शटडाउन नाही, बोर्डाचं बटणसुद्धा बंद करतो.’ त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, आणि पडद्यावरचा आकडाही खरा होता.

याचे कारण विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय. ती चालू असली की शटडाउन करताना वापरकर्त्याचे काम तेवढे बंद होते. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) यांची स्थिती मात्र हायबरनेशनच्या फाइलमध्ये डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. वीज गेली तरी फाइल डिस्कवर राहते, त्यामुळे बोर्डाचे बटण बंद केल्याने काही फरक पडत नाही. संगणक झटपट सुरू होतो आणि सगळ्यांना बरे वाटते, पण यंत्राच्या लेखी तो बंद झालेलाच नसतो. अशा शटडाउननंतर अपडेट बसवण्याचे काम अपुरे राहू शकते, हे मायक्रोसॉफ्टनेही लिहून ठेवलेले आहे. रीस्टार्ट हा पर्याय निवडला तर मात्र सगळे मुळापासून सुरू होते. म्हणजे घरी जाताना संगणक इमानेइतबारे बंद करणाऱ्या माणसाचा संगणक जुना राहत होता, आणि मध्येच काही अडकले म्हणून वैतागून रीस्टार्ट मारणाऱ्याचा अद्ययावत होत होता.

त्यातच पूर्वी कधीतरी एक धोरण लावलेले होते की कोणी लॉगइन असताना संगणकाने आपणहून रीस्टार्ट होऊ नये. दिवसा माणूस लॉगइन असे आणि रात्री संगणक बंद असे. रीस्टार्टला वेळ मिळणार तरी केव्हा? आयटीतला मुलगा दुपारी अपडेट चालवी, पडद्यावर रीस्टार्टची विनंती येई, समोरचा म्हणे की आत्ता चलन काढतोय, संध्याकाळी बंद करतोच आहे; आणि मुलगा ‘पूर्ण’ लिहून पुढच्या टेबलाकडे जाई. या साखळीत कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. पॅच बसणे आणि पॅच लागू होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि आमच्या रजिस्टरात त्यांच्यासाठी एकच रकाना होता, एवढीच गोष्ट होती.

पुढे जे काही उभे केले ते या एका निरीक्षणाभोवती आहे. पॅच उतरवणे आणि बसवणे हे काम स्वयंचलित करणे फारसे अवघड नव्हते, त्याची साधने वीस वर्षे उपलब्ध आहेत. रीस्टार्ट स्वयंचलित करणे हे खरे काम होते, आणि रीस्टार्टचा संबंध सॉफ्टवेअरपेक्षा पाळ्यांच्या वेळा, ट्रकच्या वेळा आणि माणसांचा विश्वास यांच्याशी होता.

डिस्पॅचचा जुना अनुभव

अपडेटची सेवा बंद करून ठेवलेल्या संगणकांपैकी चार एकट्या डिस्पॅच विभागात होते. विभागप्रमुखांशी बोलायला गेलो तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. सेवा त्यांनीच एका ओळखीच्या माणसाकडून बंद करून घेतली होती. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर डिस्पॅचचे लेबल प्रिंटर अचानक प्रशासकाचा पासवर्ड मागू लागले होते आणि खोक्यांवर लेबल नाहीत म्हणून भरलेली गाडी संध्याकाळपर्यंत गेटच्या आत उभी राहिली होती. त्या वर्षी प्रिंट स्पूलर या विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या भागातील एक गंभीर त्रुटी जगभर गाजली होती, आणि तिच्यावरील उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरील प्रिंटरचे ड्रायव्हर बसवायला किंवा बदलायला प्रशासक अधिकार सक्तीचे केले होते. सुरक्षेच्या दृष्टीने बदल योग्य होता. डिस्पॅचच्या दृष्टीने मात्र, काल चालणारा प्रिंटर आज चालत नव्हता आणि कोणी आधी सांगितलेही नव्हते.

‘तुमच्या अपडेटमुळे गाडी थांबली तर ओरडा मला बसतो, तुम्हाला नाही,’ असे ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही, कारण चूक आमच्या पद्धतीतच होती. पॅच आधी तपासायचे तर ते कोणाच्या संगणकावर तपासायचे, याचा आम्ही कधी नीट विचारच केलेला नव्हता. आयटीतल्या मुलाच्या संगणकावर अपडेट बसवून दिवसभर पाहिले की झाली तपासणी, असे चालत आले होते. आणि त्या संगणकाला ना लेबल प्रिंटर जोडलेला, ना डॉट मॅट्रिक्स, ना सीरिअल पोर्टवरचे मोजमापाचे उपकरण.

म्हणून चाचणी गट नव्याने निवडला. कामाच्या प्रत्येक प्रकारातला एकेक असे नऊ संगणक घेतले: लेबल छापणारा, चलन छापणारा, क्वालिटी विभागात गेज वाचणारा, ई-इन्व्हॉइस काढणारा, हिशेबाचा, आणि असेच बाकीचे. डिस्पॅचच्या प्रमुखांचा आग्रह होता की त्यांच्याकडील मुख्य संगणक न घेता शेजारचा घ्यावा, आणि प्रिंटर मात्र तोच असावा. ही सूचना मला सुचली नव्हती आणि ती अगदी बरोबर होती.

मालकांचा प्रश्न वेगळा होता. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज संगणक निळा पडदा दाखवत बंद पडले, त्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या; मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्या दिवशी सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. आपोआप अपडेट म्हणजे सगळे एकाच वेळी बंद पडण्याची सोय तर नव्हे, असे त्यांनी विचारले. उत्तर देताना मी त्या घटनेतला एक बारकावा त्यांच्यासमोर ठेवला. अनेक ग्राहकांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उशिरा घेण्याची व्यवस्था लावलेली होती, पण त्या दिवशी आलेली फाइल त्या व्यवस्थेच्या कक्षेतच येत नव्हती. ती थेट सगळीकडे गेली. तेव्हा टप्प्याटप्प्याने अपडेट देणे एवढे पुरेसे नाही, आपल्याकडे येणारी कोणती गोष्ट त्या टप्प्यांतून जाते आणि कोणती बाजूने येते, याचीही यादी हवी. ती आम्ही केली.

उशीर करण्यालाही किंमत असते, हेही त्यांना सांगावे लागले. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात ज्या त्रुटीचा उपयोग झाला तिच्यावरचा पॅच १४ मार्चला आलेला होता आणि हल्ला १२ मेला झाला, म्हणजे हातात ५९ दिवस होते. त्यानंतर २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा हल्ला आला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि न्हावा शेवा बंदरातील त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. या कारखान्याचे निर्यातीचे कंटेनर त्याच बंदरातून जातात, त्यामुळे ती घटना मालकांच्या चांगली लक्षात होती. तिचा संबंध पॅचशी आहे हे मात्र त्यांना त्या दिवशी कळले. नॉटपेट्याचा शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता, आणि आत शिरल्यावर पसरण्यासाठी त्याने वॉनाक्रायचीच त्रुटी वापरली होती.

शुक्रवारची रात्र

विंडोजसाठी आम्ही विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस म्हणजे डब्ल्यूएसयूएस हे मायक्रोसॉफ्टचे पॅच वाटण्याचे साधन निवडले. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले आहे, पण ते चालू आहे, त्याला आधारही मिळतो, आणि कारखान्याकडे सर्व्हरचा परवाना आधीच होता. एकच इंटरनेट जोडणी असलेल्या जागी त्याचा मोठा फायदा असा की महिन्याचा पॅच एकदाच बाहेरून येतो आणि आतल्या आत वाटला जातो. नाहीतर काही शे मेगाबाइटचा तोच ऐवज ७९ वेळा ओढला गेला असता.

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेतल्या सकाळी ते निघतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून नाशिकच्या हिशेबात तो बुधवार धरायचा. बुधवारी पहाटे आमचा सर्व्हर ते उतरवून घेतो. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी रात्री चाचणी गटातील नऊ संगणकांवर ते बसतात आणि त्याच रात्री रीस्टार्ट होतो. पुढचे कामाचे दिवस हे नऊ संगणक नेहमीचे काम करतात. कोणाची तक्रार आली नाही तर पुढच्या शुक्रवारी रात्री साडेबाराला कार्यालय आणि अडीचला शॉप फ्लोअर, असा क्रम लागतो.

शुक्रवारच का, याला स्थानिक कारण आहे. या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. दुसरी पाळी शुक्रवारी रात्री साडेअकराला सुटते आणि त्यानंतर रविवारच्या पहिल्या पाळीपर्यंत यंत्रे थांबलेली असतात. शनिवारचा दिवसही मोकळाच होता, पण त्या दिवशी या भागातील फीडरवर देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते असा मेंटेनन्सच्या लोकांचा अनुभव होता, आणि शॉप फ्लोअरवरील बहुतेक संगणकांना यूपीएस नाही. पॅच बसत असताना वीज गेली तर काय होते, ते मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिलेले आहे. म्हणून पहाटे पाचला सगळे आटपले पाहिजे, अशी मर्यादा घातली.

लॉगइन असताना रीस्टार्ट रोखणारे जुने धोरण काढले, आणि फास्ट स्टार्टअप ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या धोरणाच्या, मार्गे सर्वत्र बंद केले. रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करायची, इतकेच ते काम. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकांना सकाळी सुरू व्हायला त्यामुळे जास्त वेळ लागू लागला आणि पहिल्या पाळीचे सुपरवायझर त्याबद्दल दोन-तीनदा बोलले. त्यांची तक्रार खरी होती. दुरुस्ती म्हणून त्यातल्या काही संगणकांना वेगवान एसएसडी डिस्क बसवल्या.

पण संगणक चालू असेल तरच रात्री त्यावर काही करता येते. काही संगणकांना नेटवर्कवरून जागे करण्याची सोय होती, सगळ्यांना नव्हती. शेवटी माणसांनाच विनंती केली. ‘शुक्रवारी बंद नको, फक्त लॉक करा’ अशी चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत छापून प्रत्येक मॉनिटरच्या खाली डकवली. घरी जाताना दिवा-पंखा आणि संगणक बंद करा, असे ज्यांना वर्षानुवर्षे शिकवले त्यांना हे उलटे सांगताना मला संकोच वाटत होता. पहिल्या महिन्यात निम्मे लोक विसरले. मग टाइम ऑफिसच्या बाईंनी आपणहून शुक्रवारी संध्याकाळी लाउडस्पीकरवर आठवण द्यायला सुरुवात केली, आणि त्या एका घोषणेने जे झाले ते माझ्या चार ईमेलनी झाले नव्हते.

शनिवारी सकाळी निघणारा अहवालही बदलला. सर्व्हर आपल्या बाजूने ‘बसवले’ असे जे दाखवतो ते आम्ही मोजत नाही. प्रत्येक संगणकाचा बिल्ड क्रमांक अपेक्षित क्रमांकाइतका आहे काय आणि शेवटचा पूर्ण रीस्टार्ट त्या पॅचनंतरचा आहे काय, या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच तो संगणक मोजला जातो. जूनमधल्या पहिल्या पूर्ण फेरीत ७९ पैकी ६१ संगणक या कसोटीला उतरले, सप्टेंबरमध्ये ७६. तपासणी पथकाला नव्वद दिवसांत दाखवायला आमच्याकडे फक्त चाचणी गट आणि हा अहवाल होता. त्यांनी तो मान्य केला आणि उरलेल्या कामाची तारीख लिहून घेतली.

थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे एका कागदावर लिहून मालकांची सही घेतली. डिस्पॅचप्रमुख किंवा उत्पादन व्यवस्थापक यांपैकी कोणीही, कारण लिहून, एक फेरी एका आठवड्याने पुढे ढकलू शकतो. लागोपाठ दोनदा नाही. हा अधिकार दिल्यानंतर डिस्पॅचने आपल्या चारही संगणकांवरची सेवा स्वतः चालू करून घेतली. आजपर्यंत तो अधिकार एकदाच वापरला गेला, मार्चअखेरच्या माल पाठवण्याच्या गर्दीत.

मे महिन्यातील चूक

लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या बाजूला जे घडले त्याची जबाबदारी माझी आहे. कारखान्याची ईआरपी व्यवस्था, म्हणजे बिले आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, उबंटू या लिनक्सच्या प्रकारावरील चार आभासी सर्व्हरवर चालते आणि तिचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. उबंटूमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स हे साधन सुरक्षा अपडेट आपोआप बसवते. ते चालू होते, नीट काम करत होते, आणि त्यामुळे तिकडे फार लक्ष द्यायची गरज नाही असे मी धरून चाललो.

मे २०२५ मध्ये एका दुपारी पावणेबाराच्या सुमारास ईआरपीचे सगळे पडदे एकदम गोठले. गेटवर गाडी भरून उभी, इन्व्हॉइस निघेना, ड्रायव्हर केबिनमधून उतरून ऑफिसच्या दारात आलेला. मी दूरून जोडून पाहिले तर डेटाबेस व्यवस्थित चालू होता, मात्र तो काही मिनिटांपूर्वीच सुरू झालेला होता. कोणी रीस्टार्ट केला? अपडेटची नोंदवही उघडली तर शेवटची नोंद सकाळी ६ वाजून १४ मिनिटांची. सकाळी सहाला काही झाले असते तर पावणेबारापर्यंत कोणाला कळले नसते काय, असा विचार करून मी ती नोंद सोडून दिली आणि दुसरीकडे वीस मिनिटे शोधत राहिलो. मग लक्षात आले की सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. ६:१४ मध्ये साडेपाच तास मिळवले की ११:४४ होतात.

उबंटूचे हे काम मुळात सकाळी सहाच्या ठोक्याला लावलेले असते आणि त्यात तासाभरापर्यंतचा यादृच्छिक उशीर मिसळला जातो, जेणेकरून जगातले सगळे सर्व्हर एकाच क्षणी धावत येऊ नयेत. सहा वाजता ही वेळ सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळाने ठरते. आमच्याकडे ती रोज साडेअकरा ते साडेबारा यांच्यामध्ये पडत होती, म्हणजे दिवसातल्या सर्वाधिक गर्दीच्या वेळी, आणि इतके दिवस फक्त किरकोळ पॅकेजे आल्याने कोणाला जाणवले नव्हते. त्या दिवशी पोस्टग्रेसचा सुरक्षा पॅच आला. पॅकेज बसताना डेटाबेस पुन्हा सुरू केला जातो. त्याला काही सेकंद लागले, पण ईआरपीचे सॉफ्टवेअर जुन्या, तुटलेल्या जोडण्या धरून बसले आणि ते हाताने पुन्हा सुरू करेपर्यंत चाळीस मिनिटे गेली.

विंडोजकडे पॅच बसून लागू होत नव्हता. इथे तो बसताक्षणी लागू झाला, आणि नको त्या वेळी झाला. दोन्हीकडे प्रश्न रीस्टार्टचाच होता. लिनक्समध्येही पहिल्या प्रकारची अडचण असतेच. ओपनएसएसएलसारखी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड) डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीतली जुनीच प्रत वापरत राहतो, आणि नवा कर्नल तर रीबूट झाल्याशिवाय कामालाच लागत नाही. उबंटू अशा वेळी रीबूट-रिक्वायर्ड नावाची एक फाइल ठेवून देते. चारपैकी तीन सर्व्हरवर ती फाइल कित्येक आठवडे पडून होती.

घड्याळे भारतीय वेळेवर आणली. पोस्टग्रेस आणि कर्नल रोजच्या स्वयंचलित यादीतून वगळले आणि त्यांच्यासाठी शुक्रवारच्या रात्रीचे वेगळे काम अन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनात लिहिले. ते एका वेळी एकच सर्व्हर हाताळते. आधी शेवटचा बॅकअप चोवीस तासांच्या आतला आहे काय हे पाहते, आणि नसेल तर तिथेच थांबते. मग ईआरपीतला शेवटच्या इन्व्हॉइसचा क्रमांक टिपून ठेवते, ईआरपी बंद करते, आभासी यंत्राचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेते, पॅच बसवते आणि गरज असल्यास रीबूट करते. सगळे वर आल्यानंतर इन्व्हॉइसचा तोच क्रमांक पुन्हा विचारते. तो जुळला तर पुढचा सर्व्हर. न जुळल्यास काम थांबते आणि मला फोनवर संदेश येतो. ही शेवटची पायरी हिशेब विभागातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी सुचवली. सर्व्हर चालू आहे हे त्यांना पटत नसे. शेवटचे बिल दिसले की पटत असे.

यादीबाहेरचे पाच

फेब्रुवारीतल्या मोजणीत नेटवर्कच्या स्विचवरून मिळालेली, जोडलेल्या यंत्रांची यादी रजिस्टरशी ताडली तेव्हा रजिस्टरात नसलेले पाच विंडोज संगणक सापडले: मोजमाप यंत्राला जोडलेला एक, सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशिनना प्रोग्रॅम पाठवणारे दोन, गेटवरच्या हजेरीचा एक आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा एक. मोजमाप यंत्राच्या संगणकावर विंडोज ७ आहे, ज्याचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० ला संपला; त्यावरचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि यंत्र बदलण्याचा खर्च मोठा आहे. सीएनसीच्या जुन्या नियंत्रकांना फाइल देण्यासाठी एसएमबी या नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती लागते, तीच जिच्यातून वॉनाक्राय पसरला. या तिघांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवून इंटरनेट तोडले, आणि कार्यालयाकडून येणाऱ्या फाइलसाठी मध्ये एक छोटा लिनक्स संगणक बसवला, जो एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी भाषा बोलतो. हजेरी आणि कॅमेऱ्यांचे दोन संगणक हाताने अद्ययावत होतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही मोफत आधार संपला. ७९ पैकी १९ संगणक टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ घेऊ शकत नव्हते. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी व्यावसायिक ग्राहकांना पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर पडतात आणि पुढे दरवर्षी ते दुप्पट होतात, हे पाहून मालकांनी ११ संगणक बदलले आणि ८ संगणकांसाठी एक वर्ष विकत घेतले.

भाऊबीजेनंतरची सकाळ

त्याच १४ ऑक्टोबरच्या पॅचमध्ये खुद्द डब्ल्यूएसयूएसमधील एका गंभीर त्रुटीवरचा उपायही होता. लॉगइन न करताच दूरवरून त्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता यावा, अशी ती त्रुटी होती. पॅच वाटणारा सर्व्हर आम्ही मुद्दाम चाचणी गटात ठेवलेला आहे, म्हणून १७ ऑक्टोबरच्या शुक्रवारी रात्री त्यावर पॅच बसला, रीस्टार्ट झाला, आणि अहवालात तो दोन्ही कसोट्यांना उतरला. नंतर कळले की तो उपाय अपुरा होता. मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरला वेळापत्रकाबाहेर नवा पॅच काढला.

तो दिवस भाऊबीजेचा. कारखान्याला दिवाळीची सुट्टी होती आणि मी निफाडला बहिणीकडे मुक्कामाला होतो. २४ तारखेला सकाळी फोनवर सूचना वाचली तेव्हा आमचा सर्व्हर धोक्याच्या व्याख्येत बसत होता. मात्र त्याची ८५३० आणि ८५३१ ही दोन पोर्ट (नेटवर्कवरची प्रवेशद्वारे) बाहेरच्या जगाला उघडी नव्हती. कागदावर सही झालेल्या नियमांत तातडीची एक वाट होती: त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असेल, ती वस्तू आपल्याकडे चालू असेल आणि ती सगळ्या टेबलांवरून गाठता येत असेल, तर आठवडाभर थांबायचे नाही, उत्पादन व्यवस्थापकांना फोन करून लगेच पुढे जायचे. मी त्यांना फोन केला. त्यांनी एकच विचारले, ‘रविवारी पाळी सुरू व्हायच्या आत होईल ना?’

लॅपटॉप बरोबर होता. आधी सर्व्हरच्याच फायरवॉलवर ती दोन पोर्ट बंद केली. सगळे संगणक बंद असल्याने त्या दिवशी अपडेट मागायला कोणी येणार नव्हते. मग पॅच उतरवला, बसवला, रीस्टार्ट केला. सर्व्हर परत यायला अकरा मिनिटे लागली. बिल्ड क्रमांक आणि रीस्टार्टची वेळ अहवालाच्या स्क्रिप्टने वाचली, पोर्ट पुन्हा उघडली, आणि व्यवस्थापकांना संदेश पाठवला. रविवारी, २६ ऑक्टोबरला पहिल्या पाळीला संगणक सुरू झाले आणि सर्व्हरकडे एकेक करून हजेरी लावू लागले.

रजिस्टर अजून आहे. आयटीतला मुलगा दर शनिवारी अहवालात न उतरलेल्या संगणकांची नावे त्यात लिहितो, आणि ‘पूर्ण’ या रकान्याच्या जागी आता ‘बसवले’ आणि ‘लागू झाले’ असे दोन रकाने आहेत. परवाच्या पानावर दुसऱ्या रकान्यात तीन जागा रिकाम्या होत्या: एकाची डिस्क पुन्हा भरली आहे, एक दुरुस्तीला गेला आहे, आणि तिसरा नव्याने आलेल्या माणसाने शुक्रवारी सवयीने बंद केला होता.